पहिले बाळंतपण विशीनंतरच

१५ ते १९ वर्षे वयाच्या किती मुली आई झाल्या आहेत किंवा गरोदर आहेत, याची नोंद राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात होते. देशात २००५-०६ मध्ये हे प्रमाण १६ टक्के होते. दहा वर्षांत ते निम्म्यावर, ७.९ टक्क्यांवर आले. २०१९-२१ मध्ये मात्र ते ६.८ पर्यंतच उतरले, आणि महाराष्ट्रात तर ८.३ वरून ७.६ एवढेच. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचे देशातले प्रमाणही असेच आधी ४७ वरून २७ टक्क्यांवर झपाट्याने आले आणि मग २३ वर रेंगाळले. दोन्ही आकडे बरोबरीने उतरले आणि बरोबरीनेच अडखळले. कोवळ्या वयातले बाळंतपण आपल्याकडे मुख्यतः लग्नातून येते, त्यामुळे त्यावरचा उपाय लग्नाच्या बैठकीतच व्हायला हवा.

घट कुठे अडली, हे अहिल्यानगर जिल्ह्यात समजते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न खोटा नाही. लग्न लावले की काळजी मिटते आणि नवा कोयताही तयार होतो. अशा घराला नुसता उपदेश करून भागत नाही. हंगामी वसतिगृह आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृह योजना यांची चौकशी टोळी निघण्याआधीच करायला हवी. मुलीची शाळा सुटली नाही, तर लग्नाची घाईही आपोआप टळते.

‘आमच्या आजीला पंधराव्या वर्षी मूल झाले, तिला काय झाले?’ असे विचारले जाते. आजी वाचली म्हणून तिची गोष्ट उरली. ज्या बाळंतपणात गेल्या, त्यांची सांगायला कोणी उरले नाही. या वयात मुलीची स्वतःची वाढ चालू असते, कमरेची हाडे पुरती भरलेली नसतात. देशातल्या या वयाच्या दर दहापैकी जवळपास सहा मुलींना रक्तक्षय आहे. अशा शरीरावर गरोदरपण आले की रक्तदाब वाढून झटके येणे, दिवस भरण्याआधी प्रसूती होणे, बाळ कमी वजनाचे जन्मणे हे धोके वाढतात. ‘मोबाइलमुळे मुली बिघडतात, लवकर उरकलेले बरे,’ हा दुसरा युक्तिवाद. पण ज्या गरोदरपणाची धास्ती वाटते, ते लग्नानंतर लवकरच दारात येते. फक्त त्याला कोणी नावे ठेवत नाही. तिसरा आक्षेप असा की कायदा असताना आणखी काय हवे? मुलीसाठी अठराची अट १९७८ पासून आहे आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदाही आहे. कायदा हवाच. मात्र गुन्हा दाखल होईल या भीतीने गरोदर मुलीला घरात दडवले, तर शिक्षा तिलाच होते.

म्हणून स्पष्ट सांगतो. लग्न ठरत असल्याचे कळले, तर ग्रामसेवकाला किंवा अंगणवाडीताईला सांगा, नाहीतर १०९८ वर फोन करा. लग्न होऊन गेले असेल, तर विशीपर्यंत पाळणा लांबवा. निरोध, ‘छाया’ गोळ्या, ‘अंतरा’ इंजेक्शन, तांबी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. हा निर्णय सुनेवर न ढकलता सासूने आणि मुलाने पुढाकार घ्यावा. दिवस गेलेच असतील, तर तीन महिन्यांच्या आत नोंदणी करा, वय खरे सांगा, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासा, लोहाची गोळी रोज द्या. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा सुजणे किंवा अंगावरून रक्त जाणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर मुलीने तपासणीचे कार्ड सोबत ठेवावे आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुन्हा नाव नोंदवावे.

जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि गावांचे आरोग्य पालटले. घराघरांतल्या सवयी बदलतात, हे याच जिल्ह्याने दाखवले आहे. उरलेली घटही आपल्याच हातात आहे. येत्या लग्नसराईत मुलीचे वय विचारल्याशिवाय अक्षता टाकायला जाऊ नका.