ऱ्हस्वदृष्टी आणि शिक्षकाचे कर्तव्य

हातातील पुस्तक अस्खलित वाचणारा विद्यार्थी फळ्यावरील उतारा मात्र चुकीचा उतरवून घेत असेल, तर त्यास मंद वा आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या दृष्टीचा विचार करावा. डोळे बारीक करून पाहणे, वारंवार फळ्याजवळ येणे, शेजाऱ्याच्या वहीतून उतरविणे ही ऱ्हस्वदृष्टीची लक्षणे असू शकतात.

दोषाचे स्वरूप : निरोगी डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर पडते. नेत्रगोल लांबट झाल्यास, किंवा पारपटलाची वक्रता अधिक असल्यास, ती दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. त्यामुळे जवळचे स्पष्ट, परंतु दूरचे अंधूक दिसते.

उपाय : अंतर्गोल भिंग मध्ये पातळ व कडेला जाड असते. ते किरणांना डोळ्यात शिरण्यापूर्वी किंचित फाकविते व प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर येते. याचे विवेचन केप्लर या शास्त्रज्ञाने १६०४ साली केले. अशा भिंगाचा क्रमांक उणे चिन्हाने लिहितात. उणे २ क्रमांकाच्या डोळ्यास चष्म्यावाचून सुमारे अर्ध्या मीटरपलीकडील वस्तू स्पष्ट दिसत नाही. फळा तर त्याहून पुष्कळ दूर असतो.

तपासणी : 'ई' चिन्हाचा तक्ता भरपूर उजेडात ६ मीटरवर लावावा. विद्यार्थ्याने एक डोळा न दाबता झाकून चिन्हाच्या उघड्या बाजूची दिशा हाताने दाखवावी. मग दुसऱ्या डोळ्याने तसेच करावे. यास अक्षरओळख लागत नाही. म्हणून हिमायतनगरसारख्या तालुक्यात मराठी, उर्दू, तेलुगू वा गोरमाटी बोलणाऱ्या बालकांची तपासणी एकाच तक्त्याने होते. संशयित विद्यार्थ्यांची नावे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३) पथकास द्यावीत. चष्म्याचा क्रमांक नेत्रतज्ज्ञांनीच ठरवावा.

पालकांचे समज : चष्म्याने डोळे अधिक बिघडतात हा समज निराधार आहे. वाढत्या वयात नेत्रगोल लांबत जातो, म्हणून क्रमांक वाढतो. मुलीच्या विवाहात अडचण येईल या भीतीने काही घरी तिचा दोष झाकला जातो. अशा मुलीचे शिक्षण मागे पडते, हे पालकांस घरी जाऊन समजावून सांगावे.

मैदानाचे महत्त्व : चीनमधील ग्वांगजौ येथे पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर ठेवण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्यांपैकी सुमारे ३० टक्के मुलांत हा दोष नव्याने उद्भवला. इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. म्हणून खेळाचा तास अन्य विषयांस देऊ नये.

चष्मा मिळाल्यावर तो दप्तरात न राहता डोळ्यांवर राहील, आणि त्यावरून कोणी चिडविणार नाही, याकडे वर्गशिक्षकाने लक्ष द्यावे.