उरलेले नऊ जण



दहा कुष्ठरोग्यांचा प्रसंग (लूक १७:११-१९) आपण अनेकदा ऐकला आहे. दहाही बरे झाले, एकच परत आला, आणि आम्ही धर्मगुरू प्रवचनात उरलेल्या नऊ जणांना कृतघ्न ठरवून मोकळे होतो. नीट वाचले तर त्या नऊ जणांनी सांगितलेलेच काम केले होते. येशूने त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगितले होते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे (लेवीय १४) याजकाने शुद्ध ठरविल्याशिवाय कुष्ठरोग्याला आपल्या माणसांत परतता येत नसे. नऊ जणांनी आज्ञा पाळली, पण येशूकडे परत फिरले नाहीत. दर रविवारी मिस्साला येऊन आज्ञा पाळणाऱ्या तुम्हाआम्हाला हा प्रसंग म्हणूनच अधिक टोचायला हवा.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. परत आलेला तो शोमरोनी होता. यहुदी आणि शोमरोनी यांचे त्या काळी जमत नसे, तरी रोगाने त्यांना एकत्र आणले होते. त्यांनी एका आवाजात येशूला हाक मारली. रोग गेला आणि दहांचा तो समूह फुटला. दुःखाने बांधलेली माणसे सुखाने पांगली.

आपल्या धर्मग्रामातही असेच घडते. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा पाहताना अनेकांचे डोळे भरून येत. घराघरांत जपमाळ सुरू झाली. शेजाऱ्याच्या घरी डबा पोचवताना तो कोणत्या समूहाचा, हे कोणी विचारले नाही. १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. त्यानंतर काय झाले ते आपण जाणतो. समूहसभेला तीच पाचसहा माणसे, आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन थेट बाजूच्या दारातून मोटारसायकलकडे जाणारी मंडळी. (आशीर्वादाआधी सुरू झालेल्या गाड्यांचा आवाज वेदीपर्यंत येतो बरे!)

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे कृतज्ञतेविषयीचे विवेचन वाचले होते. ते कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगतात : मिळालेला उपकार ओळखणे, त्याबद्दल आभार मानणे, आणि योग्य वेळी आपल्या ऐपतीप्रमाणे परतफेड करणे. त्यांच्या मते उपकार झाला हे लक्षातच न येणे ही सर्वांत मोठी कृतघ्नता. हे आम्हाला फार खरे वाटते. वाईट मनाने कृतघ्न होणारी माणसे थोडी असतात. बहुतेकांच्या ते लक्षातच येत नाही. चर्च झाडणारे हात, वेदीवरची फुले, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणारे सेवक, ही सारी आपल्याला भिंतींसारखी सवयीची होतात.

यावर एक प्रश्न येतो आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. ज्या घरात तरुण मुलाचे मरण झाले, ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे, त्यांनी कशाचे आभार मानायचे? ‘देवाची इच्छा, आभार माना’ असे त्यांच्या दारात जाऊन सांगणे निर्दयपणाचे आहे; कृपा करून कोणी तसे बोलू नये. संत पौल थेस्सलनीका येथील भाविकांना सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करण्यास सांगतो (१ थेस्स. ५:१८). दुःखात असतानाही देवाकडे तोंड करून राहा, असे ते सांगणे आहे. दुःखालाच चांगले म्हणा, असे तो तेथे म्हणत नाही. आणि ‘युखॅरिस्त’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी उपकारस्तुती. येशूने भाकर हाती घेऊन आभार मानले ते ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्री (१ करिंथ ११:२३-२४). शोकात असलेल्या माणसाला आभाराचे शब्द सुचत नसतील तर त्याने मिस्सामध्ये नुसते बसावे. त्याच्या वतीने बाकीचा धर्मग्राम ती प्रार्थना म्हणत असतो. एकट्याने घरी प्रार्थना केली तर चालत नाही का, असे विचारणाऱ्यांना आमचे हेच उत्तर असते.

घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आपण बहुधा मागण्यांनीच सुरुवात करतो : परीक्षा, नोकरी, व्हिसा, गुडघेदुखी. मागणे गैर नाही, दहांनीही मागितलेच होते. परंतु संत इग्नाशिअस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यांत पहिली आभाराची ठेवली आहे. आपल्या पापांचा हिशेबसुद्धा त्यानंतर येतो. म्हणून या महिन्यात प्रत्येक घराने एवढे करून पाहावे : जपमाळेआधी प्रत्येकाने त्या दिवशीच्या एका उपकाराचे आणि तो करणाऱ्या माणसाचे नाव मोठ्याने घ्यावे. लहान मुलांना आधी बोलू द्यावे, ती मोठ्यांपेक्षा जास्त पाहतात. नुसते ‘सगळ्याबद्दल आभार’ चालणार नाही. आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी भेटून किंवा फोन करून तसे सांगावे.

येत्या समूहसभांत लूक १७:११-१९ हाच उतारा वाचला जाईल. समूहप्रमुखांनी आपल्या वस्तीत गेल्या वर्षभरात सभेला न आलेल्या घरांची यादी करावी आणि त्यांपैकी निदान एका घरी स्वतः जाऊन निमंत्रण द्यावे. का येत नाही, हे विचारू नये. आधी चहा घ्यावा.