स्टेडियम आणि भाडेपट्टा

स्टेडियमची जमीन एकाची व बांधकाम दुसऱ्याचे असल्यास उभयतांना जोडणारा दस्त म्हणजे भाडेपट्टा होय. मुंबईतील वानखेडे स्टेडियमची जमीन राज्य शासनाची. मुंबई क्रिकेट असोसिएशनला दिलेला 50 वर्षांचा पट्टा 2018 मध्ये संपला. 2011 च्या विश्वचषकासाठी पुनर्बांधणी झाली, तेव्हा जेमतेम सात वर्षे उरली होती. याउलट इटलीतील तुरीन नगरपालिकेकडून युव्हेंटस फुटबॉल क्लबने जमिनीवर 99 वर्षांचा हक्क मिळविला आणि 2011 मध्ये नवे स्टेडियम उभारले. बांधकामाचा खर्च तिकिटे व गाळ्यांच्या भाड्यातून सावकाश फिटतो. म्हणून शहापूरसारख्या ठिकाणी मैदानावर सार्वजनिक निधी वा लोकवर्गणी खर्चण्यापूर्वी जमिनीचा उतारा, पट्ट्याची उर्वरित मुदत आणि मुदतीनंतरची बांधकामाची मालकी, या तीन बाबी अवश्य तपासाव्यात.