परदेशी टपाल आणि निषिद्ध वस्तू

बर्न येथे १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाचा भारत १८७६ मध्ये सभासद झाला. संघाच्या करारानुसार स्फोटके, ज्वालाग्राही द्रव्ये व मादक पदार्थ टपालाने धाडता येत नाहीत; मद्यार्कयुक्त अत्तराची कुपीही ज्वालाग्राहीच गणली जाते. सजीव प्राणी वर्ज्य आहेत, मात्र मधमाश्या, जळवा व रेशमाचे किडे यांना सवलत आहे, ही गंमतच म्हणावयाची!

खरी अडचण येते ती प्रत्येक देशाच्या निराळ्या यादीमुळे. दिवाळीच्या फराळाचेच पाहा. अनारशावरील खसखस आपल्याकडे घरोघर असते. परंतु ते अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत तिच्या आयातीस बंदी आहे. असा डबा दुबईस गेला, तर तो स्वीकारणारे आप्तच अडचणीत येण्याचा संभव असतो.

सीमाशुल्काच्या पत्रकात नुसते 'खाऊ' असे मोघम लिहू नये. प्रत्येक जिन्नसाचे नाव, वजन व किंमत नमूद करून सही करावी. पेटी बांधण्यापूर्वी त्या देशाची यादी टपाल कचेरीत विचारून घ्यावी. अनारसे पाठवावयाचेच असतील, तर खसखशीऐवजी तीळ लावावेत.