शिफारशीची पारख

वाराणसीला दरवर्षी लक्षावधी यात्रेकरू येतात. त्यांतील पुष्कळांना परतताना रेशमी वस्त्र न्यावयाचे असते, आणि रेशमाची पारख मात्र फार थोड्यांना असते. या अज्ञानातूनच तेथे मध्यस्थांचा एक वर्ग निर्माण झाला. स्थानकावर किंवा घाटावर भेटणारा वाटाड्या ‘चांगल्या’ दुकानाचे नाव सुचवितो, तेथवर सोबत येतो आणि झालेल्या विक्रीवर दुकानदाराकडून दस्तुरी घेतो. ही दस्तुरी अखेर साडीच्या किमतीतच चढते. वाटाड्याची शिफारस खोटीच असते असे नाही. दुकान खरोखर चांगलेही असू शकेल. परंतु त्याने ते कापडासाठी सुचविले की दस्तुरीसाठी, हे त्याच्या बोलण्यावरून ग्राहकास ओळखता येत नाही.

त्याच नगरात, चौकाजवळ, दालमंडीची गल्ली आहे. एके काळी गाण्यासाठी प्रसिद्ध असलेली ही गल्ली अलीकडच्या दशकांत मोबाईल ॲक्सेसरीजच्या, म्हणजे चार्जर, केबल, इअरफोन, पॉवर बँक अशा सामानाच्या, घाऊक बाजारासाठी ओळखली गेली. आता हेच सामान घरबसल्या ऑनलाइन मागविता येते. तेथे दुकानदार दिसत नाही, वस्तू हाताळता येत नाही. ग्राहकासमोर असतात ती छायाचित्रे, किंमत, ताऱ्यांची संख्या आणि अपरिचितांचे अभिप्राय. घाटावरच्या वाटाड्याची जागा या अभिप्रायांनी घेतली आहे. म्हणून प्रश्नही तोच उरतो: शिफारस करणाऱ्याला काय ठाऊक आहे, आणि त्यास काय मिळणार आहे?

विकत घेतलेली स्तुती

मे 2021 मध्ये ‘ऑकी’ आणि ‘एमपॉव’ या चार्जर व इअरफोन विकणाऱ्या दोन मोठ्या चिनी नाममुद्रांच्या वस्तू ॲमेझॉनवरून अकस्मात नाहीशा झाल्या. पुढच्याच महिन्यात ‘रॅवपॉवर’ या पॉवर बँकांसाठी नावाजलेल्या नाममुद्रेचीही तीच गत झाली. तिच्या खोक्यांतून अभिप्रायाच्या मोबदल्यात भेटकार्ड देऊ करणाऱ्या चिठ्ठ्या मिळाल्याचे वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले होते. सप्टेंबरपर्यंत सुमारे 600 चिनी नाममुद्रांवर अशी कारवाई झाली होती.

या व्यवहाराची रीत साधी असते. ग्राहकाने वस्तू नेहमीप्रमाणे विकत घ्यावयाची, पाच तारे द्यावयाचे आणि मग पैसे गुपचूप परत घ्यावयाचे. खरेदी खरीच झालेली असल्यामुळे अभिप्रायावर ‘प्रमाणित खरेदी’ असा शिक्काही बसतो. दुसरी एक युक्ती याहूनही सोपी आहे. एखाद्या स्वस्त वस्तूच्या पानावर वर्षानुवर्षे साठलेले अभिप्राय तसेच ठेवून विक्रेता त्या पानावर निराळीच वस्तू विकावयास ठेवतो. जुने अभिप्राय वाचू लागले की चार्जरच्या पानावर कव्हराची स्तुती आढळते आणि कावा उघड होतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वर सांगितलेल्या नाममुद्रांच्या काही वस्तू स्वतंत्र परीक्षणांत चांगल्याही ठरल्या होत्या. विकत घेतलेल्या स्तुतीवरून वस्तू वाईट आहे असे सिद्ध होत नाही. चांगले व वाईट ओळखण्याचे साधन तेवढे नष्ट होते. अशा वेळी प्रामाणिक उत्पादकाचीही हानी होते, कारण त्याची खरी प्रतिष्ठा आणि शेजाऱ्याची विकतची प्रतिष्ठा एकाच मापाने मोजली जाते.

प्रामाणिक अज्ञान

तथापि लबाडी हा या प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. ज्याला एक पैसाही मिळालेला नाही, असा ग्राहक दुसऱ्या दिवशी लिहितो: ‘चार्जर उत्तम, फोन लवकर भरतो.’ तो खोटे बोलत नाही. परंतु त्याने पाहिले ते खोके, रंग आणि फोनवर वाढणारे आकडे. आतील विद्युतरोधन त्याला दिसलेले नाही, आणि आगीचा धोका आहे तो तेथेच. अमेरिकेतील यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेने 2016 मध्ये ॲपलच्या नावाने विकले जाणारे 400 बनावट चार्जर तपासले. तीन वगळता सर्वांपासून आगीचा किंवा विजेच्या धक्क्याचा धोका असल्याचे आढळले, आणि बारा तर प्राणघातक ठरू शकतील इतके सदोष होते.

अभिप्राय कसा असावा, याचे उत्तम उदाहरणही याच काळातील आहे. गूगलमधील अभियंता बेन्सन लिउंग यांनी 2015 च्या अखेरीस यूएसबी-सी केबली विकत घेऊन, त्यांचे मोजमाप करून ॲमेझॉनवर अभिप्राय लिहिण्यास प्रारंभ केला. जुन्या चार्जरला जोडावयाच्या अशा केबलीत 56 किलोओहमचा एक रोधक असावा लागतो. ‘मागे जुना चार्जर आहे, वीज बेताने घे’ असा संकेत तो फोनला देतो. अनेक केबलींत 10 किलोओहमचा रोधक होता. त्यामुळे फोन झेपेल त्याहून अधिक वीज ओढू शकत असे आणि चार्जरला इजा होण्याचा संभव असे. फेब्रुवारी 2016 मध्ये तारा उलट जोडलेल्या एका केबलीने त्यांचा तपासणीचा संगणकच निकामी केला. पुढील महिन्यात ॲमेझॉनने नियमबाह्य यूएसबी-सी केबलींच्या विक्रीस मनाई केली. शेकडो तारे जे सांगू शकले नाहीत, ते एका माणसाच्या मोजमापाने सांगितले. त्याने काय तपासले, कसे तपासले आणि काय आढळले, हे तिन्ही त्याच्या लिखाणात होते.

ग्राहकाच्या हातातील तराजू

प्रत्येकाला अभियंता होता येणार नाही; परंतु काही तपासण्या घरच्या घरी होतात. पॉवर बँकेवर 20,000 एमएएच असे लिहिलेले असते. हा आकडा आतील घटांचा, म्हणजे सुमारे 3.7 व्होल्टवरचा असतो. दोहोंचा गुणाकार केल्यास 74 वॅट-तास ऊर्जा मिळते. बाहेर वीज येते ती साधारणतः 5 व्होल्टने. तेव्हा तीच ऊर्जा 14,800 एमएएच भरते, आणि रूपांतरातील घट वजा जाता बारा-तेरा हजार उरते. म्हणून 5,000 एमएएचचा फोन चार वेळा भरेल ही अपेक्षा चुकीची आहे. तो तीन वेळांच्या आसपास भरला तर उत्पादकाने फसविलेले नाही.

वजनही पुष्कळ सांगून जाते. नेहमीच्या लिथियम घटांत दर किलोग्रॅममागे साधारणतः 250 वॅट-तासांपर्यंत ऊर्जा मावते. या हिशेबाने 74 वॅट-तासांच्या नुसत्या घटांचेच वजन 300 ग्रॅमच्या घरात जाते. तेवढ्याच क्षमतेची म्हणविणारी पॉवर बँक स्वयंपाकघरातील काट्यावर 150 ग्रॅम भरली, तर पाच हजार अभिप्रायांपेक्षा काट्याची साक्ष खरी मानावी.

खुणा आणि त्यांच्या मर्यादा

रेशमाच्या व्यापारातही अशाच निश्चित खुणांची गरज भासली. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये ‘सिल्क मार्क’ आला. तो धागा शुद्ध रेशमाचा आहे एवढे सांगतो. बनारसी साडीला 2009 मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. ते वस्त्राचा प्रदेश सांगते. एक खूण दुसरीचे काम करीत नाही.

विजेच्या सामानाचेही तसेच आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या अनिवार्य नोंदणी योजनेत पॉवर बँकांचा समावेश आहे. अशा वस्तूवर मानकचिन्हासह ‘आर’ अक्षराने आरंभ होणारा आठ अंकी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो घातल्यास उत्पादकाचे नाव व वस्तू दिसते. क्रमांक सापडला नाही, किंवा निराळ्याच वस्तूचा निघाला, तर ती वस्तू घेऊ नये. मात्र हा क्रमांक सुरक्षिततेपुरता आहे. जाहिरातीतील क्षमता खरी असल्याची ती ग्वाही नव्हे.

कायद्याचा आधार

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 अन्वये विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक प्रसिद्ध झाले. आरंभी ते ऐच्छिक ठेवण्यात आले. 2022 च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणाऱ्याचा उत्पादकाशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा लागतो. घाटावरच्या वाटाड्याने ‘मला दस्तुरी मिळते’ असे आधीच सांगावे, तसाच हा दंडक आहे.

चारशे रुपयांच्या वस्तूसाठी तक्रार कोण करणार, असे पुष्कळांना वाटते, आणि अप्रामाणिक विक्रेत्याचा व्यापार याच संकोचावर चालतो. वस्तुतः 2019 च्या अधिनियमानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी वाराणसीचा ग्राहक वाराणसीतच तक्रार करू शकतो, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर सल्ला मिळतो.

हे सामान किमतीने लहान असले तरी रात्रभर उशाशी जोडलेले असते, आणि त्यातील दोष घराला भोवू शकतो. म्हणून शिफारस वाचताना तिची गोडी पाहू नये, साक्ष पाहावी. ज्या अभिप्रायात मोजमाप आहे, उणीव सांगितलेली आहे, काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव आहे आणि लिहिणाऱ्याचा हितसंबंध लपविलेला नाही, तो एकटा असला तरी पुरेसा मानावा. आणि आपण स्वतः अभिप्राय लिहू तेव्हा पहिल्या दिवशी न लिहिता, वस्तू वापरून, मोजून लिहावा. पुढच्या ग्राहकाचा निर्णय त्यावरच होणार असतो.