दृष्टिपटलावरील खुणा आणि हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या

मधुमेही रुग्णाची नेत्रतपासणी दृष्टी वाचविण्यासाठी करावयाची असते, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. तीच तपासणी हृदयाविषयीही काही सांगू शकते, ही गोष्ट मात्र रुग्णांच्या व आप्तांच्या ध्यानात क्वचितच येते. आमच्या हितचिंतकांसमोर हा विषय मांडावा असे म्हणूनच वाटले.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण सिद्ध केले आणि डोळ्याच्या मागील पडदा, म्हणजेच दृष्टिपटल, वैद्यांना पाहता येऊ लागला. जिवंत रक्तवाहिन्या चिरफाडीवाचून इतक्या स्पष्ट दिसतील अशी जागा शरीरात अन्यत्र नाही. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की येथील केशवाहिन्यांचे अस्तर जाड होते, त्यांना आधार देणाऱ्या पेशी नष्ट होतात, कमकुवत भिंतीला बारीक फुगे येतात आणि त्यांतून रक्त व द्रव झिरपू लागतो. काही केशवाहिन्या तर कायमच्या बंद पडतात.

हृदयाच्या स्नायूतही अशाच केशवाहिन्यांचे जाळे असते. तेथेही भिंती जाड होतात, आणि श्रमाच्या वेळी रक्तपुरवठा वाढविण्याची सूक्ष्म वाहिन्यांची क्षमता घटते. अँजिओग्राफीत सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या दिसतच नाहीत. त्यामुळे जिना चढताना छाती भरून येणाऱ्या, धाप लागणाऱ्या रुग्णाच्या हाती ‘नॉर्मल’ असा अहवाल पडतो. घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे तक्रार आलीच तर ‘गॅसेस असतील’ म्हणून बोळवण होते. स्त्रियांच्या वाट्याला हे अधिक येते. मोठ्या वाहिन्या मोकळ्या आहेत याचा अर्थ वेदना खोटी आहे असा होत नाही, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

अमेरिकेतील चार वस्त्यांमध्ये १९८७ पासून मध्यमवयीन नागरिकांचा ‘एरिक’ नावाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यातील मधुमेही व्यक्तींविषयी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दृष्टिपटलविकार असलेल्यांना हृदयविकाराचा धोका तो नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान इत्यादी कारणे विचारात घेऊनही हा फरक उरला. अर्थात डोळ्याचा विकार हृदयाचा विकार निर्माण करतो असे नव्हे. एकाच मुळाच्या या दोन फांद्या होत. लेसर उपचाराने दृष्टी वाचते, हृदयाला त्याचा उपयोग नाही. उलटपक्षी, दृष्टिपटल निर्दोष आढळले म्हणून हृदयाची चिंता सोडून देणेही योग्य नाही, कारण मोठ्या वाहिन्यांतील अडथळे स्वतंत्रपणे होऊ शकतात.

आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ सालच्या निष्कर्षांनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इतक्यांच्या हृदयाची सखोल तपासणी होणे अशक्य. डोळ्यात थेंब टाकून पडदा पाहणे मात्र लहान रुग्णालयासही परवडते. प्रौढ वयातील, म्हणजे टाइप २ मधुमेहाचे निदान होताच ही तपासणी करावी व पुढे साधारणतः दरवर्षी. आरंभी दृष्टी उत्तम असते, दुखत खुपत नाही, आणि म्हणूनच ती टाळली जाते.

अनेक घरांत डोळ्यांचे कागद एका पिशवीत आणि हृदयाचे दुसऱ्या पिशवीत असतात. ते एकत्र ठेवावेत, आणि नेत्रतज्ज्ञांचा अहवाल मधुमेहाच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. पडद्यावर खुणा असतील तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल व लघवीतील प्रथिने यांच्याकडे अधिक काटेकोरपणे पाहावे लागते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ अभ्यासात साखरेच्या कडक नियंत्रणाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनी घटले. रक्तदाब आटोक्यात ठेवल्याचा लाभ त्याहूनही ठळक होता. एक सावधगिरी मात्र बाळगावी. फार दिवस वाढलेली साखर एकाएकी खाली आणल्यास पडद्याचा विकार काही काळ बळावू शकतो. म्हणून असे उपचार सुरू करण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत.