विक्सबर्गचा वेढा

एकाच देशातील लोक आपसात लढतात तेव्हा त्या लढाईला मराठीत 'यादवी युद्ध' म्हणतात. उर्दूत तुम्ही तिला 'खानाजंगी' म्हणता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात असे युद्ध झाले. दक्षिणेकडील राज्यांना गुलामगिरी टिकवायची होती, म्हणून ती देशातून फुटून निघाली होती.

मिसिसिपी नदीच्या उंच काठावर विक्सबर्ग हे शहर आहे. दक्षिणेने तेथे तोफा बसवल्या होत्या. त्यामुळे नदीची वाट अडली होती. मे १८६३ मध्ये उत्तरेचा सेनापती ग्रँट शहरापाशी येऊन ठेपला. १९ मे आणि २२ मे रोजी त्याने हल्ले केले. दोन्ही फसले. २२ मे या एका दिवसात त्याचे तीन हजारांहून अधिक सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मग त्याने वेढा घातला. वेढा म्हणजे तुमचा 'मुहासरा'.

पडलेले जखमी तसेच उन्हात तळमळत होते. प्रेतांची दुर्गंधी पसरली. शेवटी २५ मे रोजी शहराचा सेनापती पेंबर्टन याने निरोप पाठवला आणि अडीच तास लढाई थांबली. मिसूरी राज्याच्या पलटणी दोन्ही बाजूंना होत्या. ओळखीची माणसे एकमेकांना भेटली, बोलली. मेलेल्यांना पुरले. वेळ संपली आणि गोळीबार पुन्हा सुरू झाला. "सर, मग ते परत का लढले?" असे मुले मला विचारतात. याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

शहरात तोफगोळे पडत होते. लोक टेकड्यांत गुहा खोदून राहू लागले. त्यांतील पुष्कळ गुहा गुलामांनीच खोदल्या, हे विसरू नका. पीठ संपले तेव्हा वाटाण्याच्या पिठाची भाकरी आली. पुढे खेचराचे मांसही खावे लागले. कागद संपला, म्हणून तेथील वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायच्या रंगीत कागदाच्या कोऱ्या बाजूवर छापले जाई!

४ जुलै १८६३ रोजी पेंबर्टन शरण आला. सुमारे २९,५०० सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. पुन्हा न लढण्याचे वचन घेऊन ग्रँटने बहुतेकांना सोडून दिले.

त्या वर्तमानपत्राच्या २ जुलैच्या अंकात ग्रँटची थट्टा केली होती. उत्तरेचे सैनिक छापखान्यात शिरले, तेव्हा खिळे जुळवलेलेच होते. त्यांनी खाली आपल्या चार ओळी जोडल्या आणि तोच अंक पुन्हा छापला.